रुग्णवाहिकेत मागे कोण बसलंय, हे कधी विचारलंय का?

मित्रांनो, पोस्ट लांबली आहे. पण विषय आपल्याच तालुक्याचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात फाट्यावर झालेला अपघात सगळ्यांना माहीत आहे. उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि अंधारात मागून धडकलेली मोटारसायकल. दोन पोरं होती. एक जागेवरच गेला, दुसरा वाचला. रुग्णवाहिका आली तेव्हा जमावाने तिची काच फोडली, ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली आणि मागे बसलेल्या डॉक्टर मुलीला नको नको ते बोलले. त्याचा व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर फिरला. खाली शेकड्याने कमेंट, आणि सगळ्यांचा सूर एकच: "गाडी पाऊण तासाने आली. यांना असंच पाहिजे."

गाडी उशिरा आली, हे खरं आहे. ते झाकायला मी ही पोस्ट लिहीत नाही. ज्यांचा मुलगा गेला त्यांच्या दारात मीही जाऊन बसलो आहे. पण दवाखाना टाकण्याआधी मी चार वर्षं अशाच एका रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम केलंय, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. कुठला जिल्हा, कुणाची गाडी, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाची धुणी धुवायची नाहीत. पण त्या चार वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपण गाडीबद्दल एकच प्रश्न विचारतो: किती वाजता आली? आत कोण आहे, त्याला काय येतं, शेवटचं कधी शिकवलं, तो किती तास जागा आहे, हे कुणी विचारत नाही. आणि जीव वाचतो की नाही, हे निम्मं त्याच्यावर ठरतं.

आधी त्या पाऊण तासाचा हिशोब. मी चौकशी केली. अपघात झाला तेव्हा आपल्या तालुक्याची गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. आपल्याच तालुक्यातल्या एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता म्हणून इथून रेफर केलं, तिला पोचवायला गेली होती. तिथे स्ट्रेचर रिकामं नव्हतं म्हणून पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर अडकली. ते मोकळं होईपर्यंत गाडी हलू शकत नाही. मोकळं झालं, गाडी परत निघाली आणि वाटेतच फाट्याचा कॉल आला. म्हणजे आपण काच फोडली ती आपल्याच बाईला सोडून येणाऱ्या गाडीची.

आता आकडे बघा. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 च्या सुरुवातीला आली तेव्हा राज्यभरासाठी 937 गाड्या होत्या. त्यातल्या 233 'अ‍ॅडव्हान्स', म्हणजे व्हेंटिलेटरसकट, आणि 704 'बेसिक'. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. भागाकार करा, साधारण 1 लाख 20 हजार माणसांमागे एक गाडी. क्षेत्रफळ धरलं तर एका गाडीच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख येतो. त्यात घाट, ओढे, पावसाळ्यात वाहून गेलेले पूल आणि कारखान्याच्या हंगामातल्या ट्रॉल्या. तुम्ही 108 लावता तेव्हा फोन नियंत्रण कक्षात जातो, तिथून जवळची मोकळी गाडी शोधून पाठवतात. 'जवळची' आणि 'मोकळी' हे दोन शब्द लक्षात ठेवा. जवळची असते, पण मोकळी नसते. सगळं दुखणं तिथे आहे.

गर्भवती आणि तान्ह्या बाळांसाठी 102 ची गाडी वेगळी आहे. पण रात्री ती मिळाली नाही, किंवा पेशंट जास्त सीरियस असला, की 108 लाच बोलावतात. छोट्या दवाखान्यातून मोठ्या, मोठ्यातून आणखी मोठ्या दवाखान्यात पेशंट हलवण्यात या गाड्यांचे तासन् तास जातात. रस्त्यावरचा माणूस तोवर वाट बघतो. यात ड्रायव्हरचा दोष किती, तुम्हीच सांगा.

आता आत काय चालतं ते सांगतो.

आमची ड्युटी बारा तासांची. रात्री आठ ते सकाळी आठ. चार्ज घेतला की पहिलं काम सामान तपासणं. सक्शन मशीन ओढतंय का, मॉनिटर चार्ज आहे का, लॅरिंजोस्कोपचा बल्ब लागतो का, डिलिव्हरी किट सीलबंद आहे का, अ‍ॅट्रोपीनच्या अँप्युल किती उरल्या. आणि ऑक्सिजन. छोट्या, म्हणजे बी-टाईप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास पुरतो. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. जिल्ह्याचं रुग्णालय दीड तासावर असेल तर मधल्या पंधरा मिनिटांचं काय? हे गणित रात्री आठ वाजता करायचं असतं. रात्री दोन वाजता घाटात केलं तर उपयोग नसतो.

गाडी चालवणाऱ्याला आम्ही पायलट म्हणतो. आमचे पायलट माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बारावी शिकलेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. फोन वाजला की ते एवढंच म्हणायचे, "डॉक्टर, कॉल आहे," आणि मी चप्पल शोधेपर्यंत गाडी सुरू झालेली असायची. पत्ता असा असायचा: "मारुतीच्या देवळापासून डावीकडं, पाटलाच्या वस्तीच्या अलीकडं." मारुतीचं देऊळ दर दोन किलोमीटरला एक. अण्णांना वस्त्या पाठ होत्या, म्हणून किती जीव वाचले याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

केसेस कसल्या? अपघात तर आहेतच. पण जास्त वेळा 'औषध पिलंय' म्हणून. खेड्यातल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना तो विशिष्ट वास. सक्शन करायचं, अ‍ॅट्रोपीन द्यायचं, ऑक्सिजन लावायचा आणि पळायचं. छातीत दुखणारे असायचे, ते दोन तास 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन बसलेले. गाडीतच होणारी बाळंतपणं. शेतातल्या मोटारीचा शॉक. आषाढीच्या काळात वारीच्या वाटेवर ड्युटी लागली की पायाच्या फोडांपासून हार्ट अटॅकपर्यंत सगळं.

एक रात्र सांगतो. पहाटे तीनचा कॉल, पोटात दुखतंय म्हणून. विशीतली बाई, जमिनीवर झोपलेली. घरचे म्हणाले गॅस झालाय. मी बघितलं तर पापण्या मिटत होत्या, उघड म्हटलं तरी उघडत नव्हत्या. अंगावर कुठे खूण नाही. तरी ही मण्यारच. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज येत नाही, दात दिसतही नाहीत. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास थांबतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस होती, ती लगेच सुरू केली. पण व्हेंटिलेटर तिथे नव्हता, तो 50 किलोमीटरवर. अर्ध्या वाटेत तिचा श्वास अगदी वरवरचा झाला. आमची गाडी बेसिक. मग हाताने, अंबू बॅग दाबत. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास, मिनिटाला दहा. पोचेपर्यंत 70 मिनिटं गेली. 700 वेळा ती पिशवी दाबली. अण्णा पुढून मोठ्याने आकडे मोजत होते, मला डुलकी लागू नये म्हणून, कारण ती माझी लागोपाठ चौथी रात्र होती. ती बाई वाचली. पुढच्या दिवाळीला घरी फराळ घेऊन आली.

ही गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, "वा डॉक्टर!" म्हणून आता दुसरी सांगतो. ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती.

गाडीतच बाळंतपण झालं. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही. निळं, सैल पडलेलं. अशा बाळाचं पहिलं मिनिट फार महत्त्वाचं. पुसायचं, पाठ चोळायची, मान नीट ठेवायची, तरी श्वास घेत नसेल तर त्याच मिनिटात छोट्या बॅगेने श्वास द्यायचा. हे मला शिकवलं होतं. पुतळ्यावर करूनही घेतलं होतं. पण चौदा महिन्यांपूर्वी, एकदाच. त्या चौदा महिन्यांत एकदाही वेळ आली नव्हती. मी घाईत मास्क उचलला आणि लावला. हवा बाजूने फुसफुसत निघून जात होती, छाती वर येत नव्हती. मी दाबतोय, दाबतोय, आणि काहीच होत नाही. अण्णांनी गाडी कडेला घेतली होती. ते मागे आले, माझ्या हातातला मास्क बघितला, किटमधून दुसरा काढला आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, हा छोटा."

मी मोठ्या मुलांचा मास्क लावला होता.

छोटा लावल्यावर चार-पाच श्वासांत छाती हलली, मग बाळ रडलं. फॉर्मवर मी लिहिलं, दोन मिनिटांनी रडलं. खरं सांगायचं तर किती वेळ गेला ते मला माहीत नाही. बाळ दाखल केलं, मी सही करून निघालो. पुढे त्याचं काय झालं, नीट चालतं-बोलतं का, हे विचारायची हिंमत आजपर्यंत झाली नाही. त्या आईने माझे पाय धरले होते. ती समजत होती, देवमाणूस भेटला.

हे का सांगतोय? मला पाझर फुटलाय म्हणून नाही. मी बीएएमएस झालेला, रीतसर इंटर्नशिप केलेला, नोकरीला लागताना रीतसर प्रशिक्षण मिळालेला माणूस. कागदावर माझ्यात काहीच कमी नव्हतं. गाडी त्या दिवशी वेळेत पोचली होती. तरीही मी चुकलो, कारण हाताची कला वापरली नाही की गंजते. ज्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्यावर काय करायचं याचा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा कोर्स केलाय, त्यांना माहीत असेल की ते कार्ड दोन वर्षंच चालतं, मग परत परीक्षा. कारण साधं आहे, माणूस विसरतो. कीर्तनकारसुद्धा रियाज चुकवत नाही. आणि आम्ही रुग्णवाहिकेवरच्या माणसाला सुरुवातीला काही दिवस शिकवतो, किल्ली देतो आणि विसरून जातो. शिवाय पुतळ्याला उलटी होत नाही आणि पुतळ्याची आई शेजारी उभी राहून रडत नाही.

इथे एक वाद नेहमी निघतो. हैदराबादला 2005 मध्ये 108 सुरू झाली तेव्हा गाडीत मागे डॉक्टर नव्हता. प्रशिक्षित टेक्निशियन होता आणि डॉक्टर नियंत्रण कक्षात फोनवर. बऱ्याच राज्यांनी तीच पद्धत उचलली. महाराष्ट्राने गाडीतच डॉक्टर ठेवला. काही म्हणतात, आपलंच बरोबर. काही म्हणतात, डॉक्टर वाया घालवताय, टेक्निशियन पुरतो. मी दोन्हीकडची माणसं बघितली आहेत. माझं मत असं की पदवीवर हा वाद घालणंच चूक आहे. रोज हात चालणारा टेक्निशियन, वर्षभर हात न चाललेल्या डॉक्टरपेक्षा शंभर पटीने बरा. मास्क ओळखायला अण्णांना पदवी लागली नाही. ते दर ड्युटीला किट उघडून, पुसून, परत लावायचे, म्हणून त्यांना ते कळलं.

2021 साली केंद्राने डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय म्हणून घातलेला आहे. चांगली गोष्ट आहे. म्हणजे उद्या आपल्या गावातला बारावी सायन्सचा पोरगा 'मी पॅरामेडिक आहे' असं छाती पुढे काढून म्हणू शकेल, त्याची नोंदणी असेल, त्याला पुढे सरकायला वाट असेल. पण कायद्यात नाव आलं म्हणून हातात कला येत नाही. त्याला पगार, सुट्टी, सराव आणि मान लागतो.

मानाचं सांगतो. मी जिथे होतो तिथे नोकरी कंत्राटी होती. अकरा-अकरा महिन्यांचे कागद. माझ्याबरोबर लागलेल्या सहा जणांपैकी चार वर्षांनी एक उरला होता. जो तयार झाला, ज्याचा हात बसला, तो निघून गेला आणि त्याच्या जागी नवा आला. मीही गेलो. लग्न झालं होतं, घरी पैसे लागत होते, बायको म्हणाली तुम्ही दिवसा झोपता आणि रात्री नसता. मी दवाखाना टाकला. आज मी माझ्या खुर्चीत बसून ताप-खोकला बघतो आणि तुमच्याकडून 'डॉक्टरसाहेब' म्हणून घेतो. फाट्यावर शिव्या खाल्ल्या ती मुलगी माझ्यापेक्षा अवघड काम करते.

तिच्याबद्दल अजून एक. ती गाडी जिथे उभी राहते तिथे तिला रात्री जायला धड बाथरूम नाही. मी स्वतः जाऊन बघून आलोय. बारा तास. आपल्या घरची लेक अशा जागी ठेवली असती का आपण?

तर मग करायचं काय? नुसती हळहळ व्यक्त करायला ही पोस्ट नाही. पंचायत समितीची आमसभा येईल, ग्रामसभा तर होतातच. आमदार, जिल्हा परिषद सदस्य समोर बसतील. तिथे 'आणखी एक गाडी द्या' एवढंच मागू नका. गाडी देणं सोपं असतं. नारळ फुटतो, फोटो येतो. त्याऐवजी हे पाच प्रश्न विचारा.

एक, आपल्या तालुक्याच्या गाडीवरच्या डॉक्टर आणि पायलटचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? दर सहा महिन्यांनी सराव का होत नाही?

दोन, गेल्या महिन्यात ही गाडी किती तास रेफर पेशंट नेण्यात अडकली? त्या कामाला वेगळी गाडी का नाही?

तीन, मोठ्या दवाखान्यात पेशंट उतरवून घ्यायला किती वेळ लावतात? त्याची वेळ लिहिली जाते का, आणि ती कोण बघतं?

चार, लागोपाठ किती रात्री ड्युटी लावता? पायलटला झोप मिळते का? 80 च्या वेगाने घाट उतरणारा माणूस झोपेला आलेला असेल तर गाडीत तीन जीव आहेत.

पाच, त्यांना बसायला खोली, पाणी आणि बाथरूम आहे का? यासाठी तर मंत्रालयात जायला नको. ग्रामपंचायत ठरवेल तर महिन्यात होईल.

आता थोडं आपल्याबद्दल. कारण गाडी उडत आली तरी दहा-पंधरा मिनिटं लागणारच, आणि हृदय बंद पडलं की मेंदूला चार ते सहा मिनिटांतच इजा व्हायला लागते. छाती दाबायला सुरुवात केली नाही तर प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. म्हणजे पहिली रुग्णवाहिका तुम्हीच असता. शेतातल्या मोटारीचा शॉक लागलेला एक पोरगा मला आठवतो. सतरा-अठरा वर्षांचा. आम्ही वीस मिनिटांत पोचलो. त्या वीस मिनिटांत वीस माणसं भोवती उभी होती. कुणी त्याच्या अंगाला माती चोळत होतं, कुणी तळपाय घासत होतं. सगळे त्याच्यावर जीव टाकणारे. छाती एकानेही दाबली नव्हती, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी अर्धा तास दाबली. तोवर उशीर झाला होता.

म्हणून एवढं पाठ करा. शॉक असेल तर आधी मेन स्विच बंद. माणूस हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा. पाठीवर, कडक जमिनीवर झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेला हात नीट दाबत नाही. गाडी येईपर्यंत थांबू नका.

साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे तर अजिबात नेऊ नका. हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अपघातातल्या माणसाला मान धरून ओढू नका. फोन करणाऱ्याने फोन मोकळा ठेवावा, आणि एकाने बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभं राहावं. या शेवटच्या गोष्टीने किती मिनिटं वाचतात ते अण्णांना विचारा.

पोलिसांच्या भीतीने अपघातग्रस्ताला हात न लावणारे अजून आहेत. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम 134-ए म्हणून आलंय. चांगल्या मनाने मदत केली तर तुमच्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. त्याच दुरुस्तीने 194-ई कलम आलं. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर 10 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बाजाराच्या दिवशी चौकात आडव्या गाड्या लावणाऱ्यांनी हे वाचावं. आणि डॉक्टरवर हात उचलणाऱ्यांनी हेही वाचावं की महाराष्ट्रात त्यासाठी 2010 पासून वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा.

फाट्यावर ज्यांनी काच फोडली, त्यांच्यातल्या दोघा-तिघांना मी ओळखतो. वाईट पोरं नाहीत. मित्र डोळ्यांसमोर गेला, राग कुणावर तरी काढायचा होता, समोर गाडी आली. पण एक लक्षात घ्या. काच फुटल्यावर ती गाडी दुरुस्तीला गेली. चार दिवस आपल्या तालुक्याला गाडीच नव्हती. त्या चार दिवसांत कुणाला पोटदुखी झाली, कुणाच्या पापण्या मिटल्या, कुणाचं बाळ रडलं नाही, याचा हिशोब आपण कुणाकडे मागायचा?

आणि जो दुसरा पोरगा वाचला, त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. शिव्या खात खात, काचा अंगावर घेऊन, त्या मुलीने त्याच्या मानेला कॉलर लावली, मांडीच्या हाडाला फळी बांधली, सलाईन लावलं आणि त्याला जिवंत पोचवलं. तिचे हात थरथरत होते म्हणे. तरी कॉलर बरोबर मापाची लागली होती. म्हणजे तिला कुणीतरी नीट शिकवलंय, आणि ती विसरलेली नाही. अशी माणसं टिकवायची की पळवून लावायची, हे आपण ठरवायचं आहे.

माझ्याकडे छाती दाबायला शिकवायचा एक जुना पुतळा आहे. ज्या गावाला, मंडळाला, शाळेला, दूध डेअरीला हवं असेल त्यांनी रविवारची दुपार द्या. दोन तास पुरतात. पैसे नकोत, चहा चालेल. येताना मी अण्णांनाही घेऊन येणार आहे. आता ते रिटायर झालेत, पण मास्क अजून बरोबर ओळखतात.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. पण आमसभेत ते पाच प्रश्न मात्र नक्की विचारा.